तापलेल्या मुलाच्या रक्तातील खूण : सीआरपी ते प्रोकॅल्सिटोनिन

१/ ताप आलेल्या मुलाच्या रक्ताच्या अहवालात 'सीआरपी' ही अक्षरे आज सर्रास दिसतात. संसर्ग जिवाणूंचा की विषाणूंचा, याचा अंदाज बांधण्यास तो आकडा साहाय्यभूत ठरतो. या चाचणीचे मूळ मात्र प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात आहे. त्याचा हा मागोवा.

२/ साल १९३०, न्यूयॉर्क. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत न्यूमोनियाचा अभ्यास चालला होता. पेनिसिलिन अद्याप रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते. न्यूमोकॉकस जिवाणूचा नेमका प्रकार ओळखून त्याविरुद्धचे सीरम टोचणे, हाच त्या काळचा प्रमुख विशिष्ट उपचार होता.

३/ तेथील विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी या जिवाणूपासून कर्बोदकाचा एक अंश वेगळा काढला व त्यास 'सी' असे नाव दिले. रुग्णांच्या सीरममध्ये तो मिसळताच साका तयार झाला. रुग्ण बरा झाल्यावर तीच क्रिया घडेनाशी झाली!

४/ हे विलक्षण होते. प्रतिपिंडे आजार ओसरताना वाढतात. हा पदार्थ आजार ऐन भरात असताना हजर होता आणि रुग्ण सावरताच दिसेनासा झाला. १९४१ मध्ये एव्हरी व सहकाऱ्यांनी तो प्रथिन असल्याचे दाखविले. 'सी'शी क्रिया करणारे म्हणून 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन'. ते यकृतात तयार होते, हे पुढे उलगडले.

५/ १९४४ मध्ये याच प्रयोगशाळेतून एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांचा डीएनएविषयीचा प्रख्यात शोधनिबंध आला. त्याच मॅकार्टी यांनी १९४७ मध्ये सीआरपीचे स्फटिक मिळविले. १९५० च्या दशकात मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी करणाऱ्या संधिवाती तापात दाह किती उरला आहे, हे पाहण्यासाठी ही चाचणी वापरात आली.

६/ दरम्यान प्रतिजैविके सर्वत्र पोहोचली आणि जुन्या प्रश्नास नवी धार आली. विषाणूंवर ती निरुपयोगी. पण मेंदूज्वर वा रक्तातील जिवाणू-संसर्गात काही तासांचा विलंबही बालकाच्या जिवावर बेतू शकतो. द्यावे तरी पेच, न द्यावे तरी पेच.

७/ सीआरपी येथे अपुरे पडे. ते चढण्यास काही तास लागतात आणि शिखर गाठण्यास सुमारे दोन दिवस. ताप नुकताच आला असेल, तर आकडा फसवा ठरतो. शिवाय ॲडिनोव्हायरससारख्या विषाणूंच्या संसर्गातही ते बरेच वाढू शकते.

८/ १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी 'द लॅन्सेट'मध्ये संसर्गाचा संशय असलेल्या ७९ मुलांचा अभ्यास मांडला. गंभीर जिवाणू-संसर्ग झालेल्या १९ मुलांत प्रोकॅल्सिटोनिन प्रति मिलिलिटर ६ ते ५३ नॅनोग्रॅम होते. संसर्ग नसलेल्यांत ०.१ पेक्षा कमी. विषाणू-संसर्ग झालेल्या २१ पैकी १८ मुलांत ते १.५ च्या वर गेले नव्हते.

९/ एरवी हे कॅल्सिटोनिन या थायरॉइडमधील संप्रेरकाचे केवळ पूर्वरूप! ते सीआरपीपेक्षा लवकर चढते. तरीही त्या २१ पैकी उरलेली तीन मुले विसरून चालत नाही. म्हणूनच आजही डॉक्टर आकड्याबरोबर मुलाचा श्वास, त्याची तरतरी आणि त्याचे खाणेपिणे पाहतात.

१०/ १९३० मध्ये हा साका पाहून कोणाचाही उपचार बदलणार नव्हता. औषध हाती आल्यावरच त्या खुणेला मोल आले.