पातळीची मर्यादा आणि बीदरचे तरफदार

संगणकावरील भूमिका-खेळांत खेळणारा एखाद्या साध्या शिपायाचे किंवा मांत्रिकाचे सोंग घेऊन निघतो. शत्रूला जिंकावे, अनुभवाचे गुण मिळवावेत आणि एक पातळी वर चढावे. प्रत्येक पातळीगणिक बळ वाढते. मात्र ही चढण अखंड राहिली तर कोणताच शत्रू भारी पडत नाही आणि खेळातील गोडी जाते. म्हणून १९८८ सालच्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये योद्ध्याला आठव्या पातळीवर थांबविले होते, मांत्रिकाला तर सहाव्याच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००४ साली ६० पातळ्यांची मर्यादा होती, २००७ साली ती ७० झाली.

पंधराव्या शतकात बीदरच्या बहामनी दरबारापुढे हाच पेच उभा होता. पणाला मात्र राज्य लागले होते. राज्याचे चार तरफ, म्हणजे सुभे. तरफदाराच्या हाती वसूल, फौज आणि किल्ले. मुलूख वाढला की वसूल वाढे, वसुलावर फौज वाढे आणि फौजेच्या जोरावर पुन्हा मुलूख. १४७२ साली गोवा जिंकल्यावर आणि पूर्वेकडे राजमहेंद्रीपर्यंत अंमल बसल्यावर हे सरदार सुलतानालाच जड होऊ लागले.

इराणातील गीलानहून आलेला वजीर महमूद गवान याने या चढणीला बांध घातला. चार तरफांचे आठ केले: वऱ्हाडचे गाविलगड व माहूर, दौलताबादचे दौलताबाद व जुन्नर, गुलबर्ग्याचे विजापूर व गुलबर्गा, तेलंगणाचे राजमहेंद्री व वरंगळ. तरफदाराकडे किल्ला एकच. बाकीच्यांवर किल्लेदार सुलतानाचे. पाचशे माणसांच्या सरदाराची नेमणूक एक लक्ष होनांवरून सव्वा लक्षांवर नेली, परंतु हजेरीत जितकी माणसे कमी भरतील तितकी रक्कम कापली जाई. लाच म्हणा की न्याय म्हणा, योजना हुशारीची होती.

उणीव एकच. खेळाचे नियम करणारा पटाबाहेर बसतो. गवान पटावरच होता. वजिरी त्याची आणि विजापूरचा तरफही त्याचाच. इतरांना घातलेली मर्यादा त्याला स्वतःला नव्हती, निदान ज्यांचे मुलूख अर्धे झाले त्यांना तरी तसे दिसले. तेलंगणाच्या वाटणीने दुखावलेला मलिक हसन त्यांत पुढे होता. गवानच्या मोहरदाराला फितवून कोऱ्या कागदावर मोहर उठविण्यात आली आणि ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र तयार झाले. सुलतान मुहम्मदशाहाने चौकशी केलीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी गाठलेल्या वजिराचा शिरच्छेद झाला. पुढे त्याचा खजिना तपासला तेव्हा तो जवळजवळ रिताच निघाला.

पुढच्याच वर्षी सुलतानही वारला. मर्यादा राखणारा आता कोणी उरला नव्हता. १४९० च्या सुमारास मलिक हसनाचा मुलगा मलिक अहमद याने जुन्नरच्या बळावर निजामशाही उभारली आणि गवानच्याच विजापुरात युसुफ आदिलखानाने आदिलशाही. बीदरच्या तख्तावर सुलतान पुढेही काही वर्षे बसत राहिले. त्यांच्या हुकमाची हद्द मात्र शहराच्या तटापाशीच संपत होती.