वन नोट्रम्पनंतरचे दोन किलवर

ब्रिजमध्ये भिडू 'वन नोट्रम्प' म्हणाला, म्हणजे बिनहुकमी डावात सात हात करण्याची बोली त्याने लावली. त्यावर समोरचा आज सर्रास 'टू क्लब्ज' म्हणतो, आणि त्याच्याजवळ किलवरचं एखादंच पान असू शकतं. तो किलवर हुकूम करायला सांगत नसतो. तुझ्याजवळ इस्पिकची किंवा बदामाची चार पानं आहेत का, एवढंच तो विचारत असतो. या प्रश्नाला सॅम्युअल स्टेमन यांचं नाव पडलं आहे आणि एका कल्पक माणसाची युक्ती म्हणून तो शिकवला जातो. मला ते पुरेसं वाटत नाही. खेळाच्या गुणलेखनात एक मोठा बदल झाला, त्या बदलाने उत्तर देणाऱ्या भिडूची कोंडी केली, आणि त्या कोंडीतून बाहेर पडायची वाट हीच होती. ती कुणाला आधी सापडली आणि कुणाला नंतर, हा तपशिलाचा भाग.

आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजच्या आधी ऑक्शन ब्रिज खेळलं जाई. त्यात नोट्रम्पच्या दर हाताला १० गुण होते आणि ३० गुणांना गेम होई. मुख्य म्हणजे बोलीपेक्षा जास्त केलेले हातही गेमसाठी धरले जात. वन नोट्रम्पवर पास म्हटलं आणि भिडूने नऊ हात केले, तर गेम आपोआप पदरात पडे. मग उत्तर देणाऱ्याने डोकं कशाला खाजवायचं? पानं बरी असली की तो गप्प बसे. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला जाणाऱ्या 'फिनलंड' जहाजावर नव्या गुणलेखनाचा प्रयोग केला आणि हा आराम संपला. आता बोली लावलेले हातच गेमच्या हिशेबात येणार होते. नऊ हात होणार असतील तर 'थ्री नोट्रम्प' म्हणणं भाग होतं. न म्हणता केलेल्या नऊ हातांनी गेम होत नव्हता. गप्प बसण्यालाही आता किंमत मोजावी लागणार होती.

ही कोंडी वन नोट्रम्पवरच इतकी का जाणवली? कारण इतकं काही एका दमात सांगणारी सुरुवातीची बोली दुसरी क्वचितच असेल. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ ही मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाणारी मोजणी धरली, तर बोली लावणाऱ्याजवळ ठराविक तीनच गुणांच्या टप्प्यातली पानं असतात. अमेरिकेत पूर्वी १६ ते १८, आता बहुधा १५ ते १७, आणि लंडनमध्ये रुजलेल्या एकॉल पद्धतीत १२ ते १४. कुठलाही रंग फार लांब नाही, कुठलाही अगदी तोकडा नाही. म्हणजे तो भिडू आपलं जवळजवळ सगळं सांगून मोकळा झाला. बेरीज करायची, निर्णय घ्यायचा, हे सगळं दुसऱ्याकडे येतं. बेरीज तो सहज करतो, पण रंग जुळतात की नाही हे बेरजेतून कळत नाही.

एक जोडी पाहा. बोली लावणाऱ्याजवळ इस्पिकचा राजा धरून चार पानं, बदामचा एक्का आणि एक हलकं पान, चौकटचे एक्का-राणी धरून चार, किलवरचे राजा-गुलाम धरून तीन. एकूण १७ गुण. समोर इस्पिकचे एक्का-गुलाम धरून चार, बदामाची दोन हलकी पानं, चौकटच्या राजासह तीन, किलवरच्या राणीसह चार. १० गुण. बेरीज २७, आणि गेमला २६ पुरतात असा ठोकताळा आहे. तरी थ्री नोट्रम्पवर बदामाची उतारी आली की जीव टांगणीला लागतो. बदामाची नऊ पानं विरोधकांकडे आहेत आणि आपल्याकडे अडवायला एकच एक्का. किलवरचा एक्का काढायला गेलं, की विरोधक तो घेऊन बदाम ओढू लागतात. किलवरला हात न लावता नऊ हात करायचे, तर इस्पिकची राणी सापडली पाहिजे आणि चौकट समान फुटली पाहिजे. हीच पानं इस्पिक हुकूम करून खेळली तर एक बदाम जातो, किलवरचा एक्का जातो, फार तर इस्पिकची राणी जाते. चौथी चौकट समोर कापता येते. बाहेरचे पाच हुकूम तीन-दोन असे वाटलेले असले, आणि ती शक्यता ६८ टक्के आहे, की दहा हात झाले. पण इस्पिकची बोली लावायची कुणी? उत्तर देणाऱ्याजवळ चारच इस्पिक आहेत, आणि त्याने थेट रंग बोलला तर लांब रंग आहे असाच समज होतो. दोघांकडे चार-चार पानं, आणि दोघंही गप्प.

या कोंडीवरचा उपाय स्टेमन यांनी जून १९४५ मध्ये 'द ब्रिज वर्ल्ड' मासिकातून मांडला. मूळ कल्पना त्यांचे भिडू जॉर्ज रॅपी यांची. तिकडे लंडनमध्ये, एकॉल घडवणाऱ्यांपैकी एक असलेले जॅक मार्क्स यांनी तोच प्रश्न १९३९ मध्येच बांधला होता, मात्र तो छापून आला १९४६ मध्ये. दोन देशांत, वेगवेगळ्या ताकदीच्या नोट्रम्पवर, एकमेकांचं न पाहता तीच बोली निवडली गेली. कारण उघड आहे: दोन किलवर ही सर्वांत स्वस्त बोली, तिच्यावर उत्तर द्यायला सगळ्यात जास्त जागा उरते. पुढच्या दशकात हेच पुन्हा घडलं. स्वीडनमध्ये ओले विलनर यांनी ट्रान्सफरची कल्पना मांडली आणि १९५६ मध्ये ऑस्वाल्ड जेकोबी यांनी ती अमेरिकेत प्रसिद्ध केली. पाच बदाम असतील तर 'दोन चौकट' म्हणायचं, पाच इस्पिक असतील तर 'दोन बदाम', आणि खरा रंग भिडूच्या तोंडून वदवायचा. त्यामुळे बलवान पानं झाकलेली राहतात, उतारी त्यांच्याकडे चालून येते, आणि राजा-गुलामासारख्या जोडीला शेवटी खेळायची संधी मिळते. शिवाय भिडूने रंग बोलल्यावर उत्तर देणाऱ्याला पुन्हा तोंड उघडता येतं. पास म्हणून तिथेच थांबावं, 'दोन नोट्रम्प' म्हणून विचारावं, की 'तीन नोट्रम्प' म्हणून भिडूवर निवड सोपवावी, हे सगळं एका रंगाच्या बोलीत मावू लागलं. रॅपी, विलनर ही नावं आज किती जणांना आठवतात? त्यांचं श्रेय बुडू नये असं मला मनापासून वाटतं. पण एकच शोध असा दोनदोनदा लागतो, तेव्हा गरज आधीपासून तिथे उभी होती हेच त्यातून दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा, की बोलीचा अर्थ शब्दाप्रमाणेच असावा, नाहीतर ती खूणभाषा होते. पण शब्दाबाहेरचा अर्थ स्टेमनने आणलेला नाही. भिडूला बोलतं करणारी डबल ऑक्शन ब्रिजमध्येच रुळली होती, खुद्द व्हँडरबिल्ट यांनी १९२९ च्या पुस्तकात सुरुवातीचा 'एक किलवर' कृत्रिम ठरवला होता, आणि एक्के विचारणारा ब्लॅकवुडही १९३३ चा. शिवाय विरोधकांना प्रत्येक बोलीचा ठरलेला अर्थ विचारायचा हक्क आहे. ज्याचा अर्थ मागितला की सांगावाच लागतो, ते गुपित कसलं? दुसरा आक्षेप जड आहे: कमकुवत पानांत किलवरचा लांब रंग असला तर दोन किलवरवर थांबता येत नाही, ट्रान्सफर घेतल्यावर दोन चौकटवरही नाही. हे नुकसान खरं आहे. पण दोन किलवर करून मिळतात ४० गुण, आणि तेही विरोधक स्वस्तात इस्पिक किंवा बदाम बोलून बहुधा खेळू देत नाहीत. ज्या बोलीवर डाव क्वचितच थांबतो, ती प्रश्नासाठी देऊन टाकण्यात शहाणपण होतं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी मान झुकवतो. भिडू जे उत्तर देतो ते विरोधकांच्याही कानावर पडतं. बोली लावणाऱ्याने 'दोन बदाम' म्हटलं आणि डाव शेवटी नोट्रम्पमध्येच खेळला गेला, तर उतारी करणारा बदामापासून दूर राहतो. म्हणून कसलेले खेळाडू दर वेळी विचारत नाहीत. चार इस्पिक आणि बाकी तिन्ही रंगांत तीन-तीन पानं असतील, तर त्या बाजूला कापायला तोकडा रंगच नसतो आणि हुकमाचा जादा हात सहसा निघत नाही. अशा पानांवर ते इस्पिकची चौकशी न करता सरळ 'थ्री नोट्रम्प' म्हणतात आणि विरोधकाला अंधारातच उतारी करायला लावतात.