देनीझचा नकार

एमिल झोला यांची ‘ओ बोनर दे दाम’ (1883) ही कादंबरी पॅरिसमधल्या अजस्र दुकानांचा दस्तऐवज म्हणून वाचावी आणि तिच्यातली प्रेमकथा मुकाट्याने सोसावी, असा कौल वारंवार दिला जातो. पूर्वपक्ष दुबळा नाही. झोलांनी 1882 मध्ये ‘बॉन मार्शे’ दुकानात हिंडून टिपणे काढली. गोदामापासून नोकरांच्या जेवणघरापर्यंत सारे त्यांतून उभे राहिले. आणि शेवट काय? दोन धाकटे भाऊ घेऊन नॉर्मंडीतून आलेली, फाटक्या बुटांची विक्रेती देनीझ थेट मालक ऑक्ताव्ह मूरेशी लग्न करते. मालक-नोकरांचा झगडा मंगलाष्टकांत बुडवला, अशी ही तक्रार.

माझे म्हणणे उलट आहे. प्रेमकथा काढून घेतली, तर तो दस्तऐवजच मुका होईल.

मूरेच्या दुकानात पगाराच्या जोडीला विक्रीवर कमिशन आहे. त्यामुळे शेजारी उभी असलेली बाई तुमच्या गिऱ्हाइकावर टपलेली असते. देनीझला तर आरंभी पगारच नाही, नुसते कमिशन. आणि तयार कपड्यांच्या विभागातल्या बाया तिच्यापर्यंत गिऱ्हाईक पोहोचूच देत नाहीत. रेशीम विभागात यूतँ हा विक्रेता वरच्या रोबिनोला हुसकावून त्याची जागा बळकावतो, मग विभागप्रमुख बूतमाँलाही सुरुंग लावतो. तोवर त्याच्याच जागेवर डोळा ठेवून कुणीतरी मागे उभा असतोच.

या यंत्रात प्रेम थेट मध्यभागी बसते. मूरे देनीझकडे ओढला जातो, तेव्हा त्याची जुनी प्रेयसी मादाम देफोर्ज मत्सराने पेटते. घरी बोलावून ती देनीझला पाहुण्यांदेखत अपमानित करते. मूरे मात्र देनीझची बाजू घेतो. मग बाईसाहेब त्याच बूतमाँच्या पाठीशी बॅरन हार्टमन या बँकरला उभे करतात आणि मूरेच्या उरावर नवे दुकान निघते. कादंबरीतला हा मोठा व्यापारी घातपात दिवाणखान्यात शिजतो. प्रेमकथा गाळून वाचणाऱ्याला तो दिसणार कसा?

मूरेची प्रेयसी व्हायला देनीझ देत असलेला नकार म्हणजे भाव वाढवण्याची युक्ती, असेही एक मत आहे. गंमत अशी की ते कादंबरीतच सापडते: मूरेचा उजवा हात बुर्दोंक्ल आणि कंड्या पिकवणाऱ्या विक्रेत्या अगदी हेच बोलत असतात. कमिशनखेरीज दुसरे माप ठाऊक नसलेल्या माणसांच्या तोंडी झोलांनी हे मत घातले आहे. समीक्षकाने आपण होऊन त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहावे, हे नवल.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. मंदीच्या हंगामात नोकरांना एका शब्दावर हाकलण्याऐवजी रजा, अडीअडचणीला साहाय्य निधी, देनीझच्या सांगण्यावरून येणारे हे सारे मालकाच्या प्रेमापोटी मिळाले तर तो हक्क नव्हे, कृपा. खरे आहे. पण देनीझ माणुसकीबरोबर मालकाच्या फायद्याचाही युक्तिवाद करते, हे विसरू नये. शिवाय यात परीकथा म्हणावे असे फारसे नाही. ‘बॉन मार्शे’चे अरिस्तीद बुसिको यांनी 1876 मध्येच नोकरांसाठी भविष्य निधी सुरू केला होता. त्यांची पत्नी मार्गरीत स्वतः गरीब घरातून आलेली; नवरा 1877 मध्ये वारल्यावर ती त्या दुकानाची मालकीण झाली. झोलांना हा नमुना हाताशीच होता.

आणि मंगलाष्टकांचे म्हणाल तर, लग्न ठरते त्या दिवशी दुकानाची विक्री दहा लाख फ्रँकांच्या वर गेलेली असते आणि तो ढीग मूरेच्या टेबलावरच पडलेला असतो. समोरचे देनीझच्या बोद्यू काकांचे कापडाचे दुकान तोवर बुडाले आहे. त्यांची मुलगी गेली, पाठोपाठ काकूही गेली. ज्या दुकानाने हे केले, त्याचीच देनीझ आता मालकीण होणार. शेवट गोड म्हणणाऱ्यांनी ही पाने वाचली असतील, असे वाटत नाही.