फाइल हँडल, न सुटलेले (शोध-इंडेक्समधील)

प्रोग्रॅमने उघडलेली आणि काम संपल्यावरही बंद न केलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टमच्या हिशेबी वापरातच राहते. तिच्यावरचा हा ताबा म्हणजे न सुटलेले हँडल. येथे विचार मुख्यतः ल्युसीन आणि लिनक्स यांचा केला आहे.

ल्युसीन ही जावामधली शोध-लायब्ररी डग कटिंग यांनी १९९९मध्ये लिहिली. २००१मध्ये ती अपाचेकडे आली. सोलर आणि इलॅस्टिकसर्च तिच्यावरच उभे आहेत. तिच्या इंडेक्सचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, एकदा लिहिले की बदलत नाहीत. नवा मजकूर नव्या सेगमेंटमध्ये जातो, लहान सेगमेंट एकत्र करून मोठा बनतो आणि जुने पुसले जातात. फार देखणी रचना आहे ही: इंडेक्स बदलत असतानाही शोध घेणारा रीडर जुन्या चित्रावर निर्धास्त काम करतो. मात्र तो रीडर कोणी बंदच केला नाही, तर पुसलेल्या सेगमेंटचे फक्त नाव जाते; मजकूर डिस्कवर जागा अडवून बसतो.

म्हणूनच पहिले लक्षण चक्रावणारे असते. डीएफ ही आज्ञा डिस्क भरल्याचे सांगते, डीयूच्या बेरजेत तेवढ्या फाइली सापडत नाहीत. एलएसओएफच्या यादीत अशा फाइलींपुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसतो. सेगमेंटची नावे ३६ पायाच्या अंकपद्धतीने चढत जातात, त्यामुळे यादीतले सर्वांत जुने नाव हँडलची गळती साधारण कधी सुरू झाली तेही सांगून जाते.

दुसरे लक्षण ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही त्रुटी. अनेक लिनक्स मशिनांवर एका प्रक्रियेची मर्यादा १,०२४ हँडलची असते. इलॅस्टिकसर्चला ती ६५,५३५ लागते. मर्यादा वाढवणे हा उपाय मानावा का, यावर एकमत नाही. सेगमेंट खूप असतील तर ती खरोखरच अपुरी पडते. निवाडा उघड्या हँडलच्या मोजणीने होतो: एकत्रीकरणाच्या वेळी चढलेला आकडा नंतर उतरला तर इंडेक्स निरोगी, प्रत्येक फेरीनंतर वरच थांबला तर गळती.

एका ठिकाणी ही मोजणीही फसते. ६४-बिट लिनक्सवर ल्युसीन सहसा फाइली मेमरीत मॅप करते आणि मॅप झाल्यावर डिस्क्रिप्टर, म्हणजे हँडल, सोडून देते. हँडलचा आकडा शांत, जागा मात्र अडलेलीच. अशा वेळी प्रक्रियेची मॅप्स ही यादी पाहावी लागते.

विंडोजवर उघडी फाइल सहसा पुसता येत नाही. ल्युसीन ती पुसण्याचा नंतर पुन्हा प्रयत्न करते.

गळतीचे नेहमीचे कारण ‘ओपनइफचेंज्ड’. इंडेक्स बदलला असेल तर ही मेथड नवा रीडर देते, पण जुना बंद करत नाही. ते काम बोलावणाऱ्याचे. २०११मध्ये ल्युसीन ३.५सोबत आलेला सर्चरमॅनेजर जुन्या-नव्याची ही अदलाबदल स्वतः सांभाळतो. मात्र त्याच्याकडून शोधासाठी घेतलेला सर्चर फायनली ब्लॉकमध्ये परत करावाच लागतो. शोध चालू असताना अपवाद उडाला आणि परतीची ओळ फायनलीबाहेर असली, तर तेवढ्याने गळती पुन्हा सुरू होते.

ल्युसीनच्या स्वतःच्या चाचण्यांत मॉकडिरेक्टरीरॅपर वापरतात. फाइली उघड्या असताना डिरेक्टरी बंद केली की तो चाचणी नापास करतो आणि न सुटलेली फाइल कोडच्या कोणत्या ओळीने उघडली तेही दाखवतो.