सोळा आण्यांची दोन गणिते

एकाच पित्याची मुले, पण माता दोन: अशा घरातील वारशाचा प्रश्न आपल्याकडे रामायणाइतका जुना आहे. मात्र त्याचे उत्तर सर्वत्र एकच नव्हते. हुबळी-धारवाडहून निघून कॅसलरॉकचा घाट उतरला की गोव्याची हद्द लागते, आणि पूर्वी त्या हद्दीपाशी केवळ राज्य बदलत नसे, वाटणीचे गणितही बदलत असे. आज त्या दोन गणितांचा विचार करावयाचा आहे.

धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. तेथील हिंदू कुटुंबांवर मिताक्षरेचा अंमल चाले. मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणच्या चालुक्यांचा, सहाव्या विक्रमादित्याच्या काळातील पंडित. म्हणजे हे शास्त्र कर्नाटकाच्याच भूमीत घडलेले. त्यात वडिलार्जित मिळकतीवर पुत्राचा हक्क जन्मतःच मानला जाई. पुत्र कोणत्या पत्नीचा, हे पाहण्याचे कारण नसे. सर्वांचा हिस्सा सारखा. सावत्र भावांची संख्या समान असेल तर मातांच्या संख्येनुसार वाटे करावेत, असेही एक मत बृहस्पतिस्मृतीत आढळते. पण सामान्य नियम माणशी वाट्याचाच होता. या पद्धतीत पत्नीला पतीच्या मिळकतीची अर्धी मालकीण मात्र कोणी मानीत नसे.

गोव्यात उत्तर निराळे होते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे 1 जुलै 1870 पासून लागू झाली. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची सर्व मिळकत सामाईक होते आणि दोघांचाही तीत अर्धा अर्धा हक्क असतो, हे त्या संहितेचे मूलतत्त्व. एक जोडीदार वारला म्हणजे प्रथम ही दोन अर्धुके वेगळी करावयाची आणि मृताच्या अर्ध्याचीच वाटणी त्याच्या वारसांत करावयाची. मुलगा व मुलगी यांत भेद नाही. आणि त्या वाट्यातील ठरावीक भाग मृत्युपत्रानेही मुलांकडून काढून घेता येत नाही.

एका उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. मिळकत सोळा आणे धरू. पहिली पत्नी दोन मुले ठेवून वारली; पित्याने पुन्हा विवाह केला, त्यापासून एक मूल झाले, आणि पुढे तोही मृत्युपत्र न करता वारला. मिळकत पित्याची स्वकष्टार्जित असेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा आणि तीन मुले असे चार सारखे वाटे होतात: प्रत्येकी चार आणे. पहिल्या पत्नीने जो संसार उभा केला, त्याची या हिशेबात नोंद नाही.

आता गोव्याचा हिशेब. पहिली पत्नी वारताच तिचे आठ आणे तिच्याच दोन मुलांचे झाले: प्रत्येकी चार. पित्याकडे आठ आणे उरले. दुसऱ्या विवाहाच्या वेळी करार करून मिळकत वेगळी ठेवली असे धरले, तर त्या आठ आण्यांचे तीन सारखे भाग होतात: प्रत्येकी दोन आणे आठ पै. पहिल्या दोघांना सहा आणे आठ पै मिळतात, तिसऱ्याला दोन आणे आठ पै; मुले हयात असल्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मालकीचा वाटा नाही. ज्यांची आई वारली त्यांचे हित येथे पूर्ण राखले जाते, पण मागे राहिलेल्या सावत्र आईचा हात रिकामा राहू शकतो. एका गणितात मृत स्त्री विसरली जाते, दुसऱ्यात जिवंत.

संहिताकारांना पहिल्या मुलांची काळजी फार होती. पूर्वविवाहाची संतती असलेल्याने पुन्हा विवाह केल्यास, त्या वेळच्या आपल्या मिळकतीच्या एकतृतीयांशाहून अधिक नव्या जोडीदाराशी सामाईक करू नये वा त्यास देऊ नये, असे बंधन तीत होते. वारस अज्ञान असतील तर न्यायालयापुढे मिळकतीची यादी होणे आवश्यक असे. ही यादी वेळीच झाली नाही, तर पहिल्या आईचे अर्धुक पित्याच्या व्यवहारात मिसळून जाते. आणि तीस वर्षांनी कोणते शेत कोणत्या संसारातले, हे सांगणारे कोणी उरत नाही.

1961 साली गोवा मुक्त झाला, तरी हा कायदा चालू राहिला. वारशापुरते त्याचे नवे रूप 2012 च्या गोव्याच्या अधिनियमात आले आणि 2016 च्या डिसेंबरात ते अमलात आले. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट ठरविली: गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीची मिळकत भारतात कोठेही असो, तिच्या वारशास गोव्याचाच कायदा लागेल. रेल्वेने धारवाड आणि मार्मागोवा एकोणिसाव्या शतकातच जोडले होते. आता एखाद्या गोमंतकीयाने धारवाडात बांधलेले घर आणि त्याच्या शेजाऱ्याचे घर, भिंतीला भिंत लागून असूनही, दोन वेगळ्या गणितांनी वाटले जाऊ शकते.

म्हणून दोन संसारांच्या घरात पहिला प्रश्न ‘कोणाला किती’ हा नसावा. मिळकत कोणाची, केव्हा आणि कोणाच्या संसारात झाली, हे आधी लिहून ठेवावे. कायदा कोणताही असो, कागद वेळीच झाला तर भावंडे भावंडे राहतात. न झाला तर ती वादी आणि प्रतिवादी होतात.