श्वानशोकाची रूढी : न उलगडलेला मृत्यू आणि त्याचे सुतक

पाळीव कुत्र्यासाठी सुतक पाळणे ही आधुनिक शहरी जीवनातील हौस आहे, हा समज प्राचीन साधनांपुढे टिकत नाही. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात इजिप्तमधील रूढीची नोंद केली असून, घरातील मांजर आपोआप मेले तर सर्वजण केवळ भुवयांचे क्षौर करतात, कुत्रा गेल्यास मात्र डोक्यासह सर्वांगाचे, असे तो सांगतो. यातील ‘आपोआप’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण घाव किंवा अपघात नसताना आलेल्या मरणालाही या रूढीत पूर्ण सुतक होते आणि केस पुन्हा वाढेपर्यंत त्या घरावरील दुःख गावाला दिसत राहत असे.

याच शतकात भूमध्य समुद्रकाठच्या अश्केलोन या बंदरात, म्हणजे आजच्या इस्राएलमध्ये, हजाराहून अधिक कुत्री पुरली गेली व त्यांत बहुसंख्य पिल्ले होती. प्रत्येकासाठी उथळ खड्डा खणून, त्याला कुशीवर निजवून, शेपटी मागच्या पायांभोवती नीट वळवून ठेवलेली उत्खननात आढळली. हाडांवर कापल्याच्या खुणा नाहीत, सोबत वस्तू नाहीत, वर लेख नाही. हा एखाद्या देवतेच्या उपासनेचा भाग असावा, असे काही अभ्यासक मानतात. तथापि मृत्यू नैसर्गिक होते आणि प्रत्येक देह जपून ठेवला गेला, एवढे त्या मातीतून निश्चित दिसते.

दक्षिण भारतात मात्र दगडावर नाव कोरले गेले ते वीरमरणाचे. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळातील, शके 872 मधील (इ. स. 949-50) आतकूर येथील कन्नड शिलालेखानुसार, गंग राजा बुतुग याने मणलेर या योद्ध्याला त्याच्या मागणीवरून ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा दिला; रानडुकराशी झुंजताना दोघेही प्राणी मेले, तेव्हा चेल्लेश्वराच्या देवळासमोर शिळा उभारून तिच्यासाठी जमीन दान देण्यात आली आणि त्या शिळेची पूजा न करता जेवणाऱ्या गोरवाला, म्हणजे शैव पुजाऱ्याला, कुत्र्याचे पाप लागेल असे बजावण्यात आले. काळीच्या मरणाला सांगण्याजोगी कथा होती, म्हणून त्याचे नाव उरले. रात्री धडधाकट असलेला आणि सकाळी निपचित सापडलेला कुत्रा अशा शिळेचा धनी होत नसे.

अशा मरणांपैकी काहींचा उलगडा विसाव्या शतकात झाला. 1978 साली अनेक खंडांत पसरलेल्या पार्वोव्हायरस या विषाणूने कोवळ्या पिल्लांच्या हृदयाच्या स्नायूंवर घाला घातला व खेळती पिल्ले अचानक दगावू लागली. विषाणू ओळखला गेल्यावर लवकरच लसही आली. कारण कळल्याने पुढची पिल्ले वाचतात आणि आपलीच हयगय झाली असावी, ही मागे उरलेल्यांची बोचणी हलकी होते, हे या ज्ञानाचे मोठे देणे आहे. परंतु कारण सापडेपर्यंत शोक थांबवून ठेवता येत नाही, हे इजिप्तमधील घरांनी जाणले होते. आणि अश्केलोनमध्ये पिल्लाची शेपटी हलकेच वळवून ठेवणाऱ्या हातांनाही, ते कशाने गेले हे बहुधा ठाऊक नव्हते.