पन्नाशीनंतर सूट

“राहू द्या आजोबा, तुम्हाला नाही जमायचं.” देगलूरच्या आमच्या घरात हे वाक्य मी रोज बोलायचो. त्यांच्या हातातून मोबाईल घ्यायचा, दोनदा बोट टेकवायचं, परत द्यायचा.

आजोबांचा जन्म १९३४ चा. तेव्हा देगलूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि कचेरीची भाषा उर्दू होती. तीच ते शाळेत शिकले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. कचेरीत मराठी आली. बहुतेकांना आपला कागद आपल्या भाषेत मिळाला, हे चांगलंच झालं. पण उर्दूत शिकलेली माणसं तरुणपणीच ‘जुन्या जमान्यातली’ ठरली.

मग बाबांची पाळी आली. ते जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्या-तालुक्यात निघाले. सरकारी नोकरांना संगणक परीक्षा सक्तीची झाली. मुदत ३१ डिसेंबर २००७, नापासाची वेतनवाढ बंद. पन्नाशी ओलांडलेल्यांना मात्र सूट. म्हाताऱ्या माणसाला शिकवून काय उपयोग, ही आपल्या घराघरातली समजूत सरकारी नियमातही उतरली होती. बाबा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे. माउस धरताना त्यांचा हात थरथरायचा आणि आम्ही पोरं हसायचो. पुढे ते शाळेचा निकाल एक्सेलमध्ये करू लागले. मला एक्सेल येत नाही. माझं सगळं अंगठ्यावर चालतं.

तरी रुबाब माझाच. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली, तेव्हा अर्ध्या गल्लीच्या पिकांची नोंद माझ्याच मोबाईलवरून झाली.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळातली दप्तरं उघडली आणि उर्दू, मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आमच्याही घरी शोधाशोध सुरू झाली. एका जुन्या कागदाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. मी ती उघडली, सरळ केली, उजळ केली. वाचता मात्र एक अक्षर आलं नाही.

आजोबांनी चष्मा लावला. उजवीकडून डावीकडे बोट सरकू लागलं. गाव. शेत. ज्वारी. मग ते थांबले. “हे माझ्या वडलांचं नाव आहे.”

कुणबी नोंद त्या पानावर नव्हती. पण पणजोबांचं नाव कागदावर आहे, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं.

“जरा मोठं कर की रे,” ते म्हणाले. माझा हात सवयीने मोबाईलकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि म्हणालो, “दोन बोटं ठेवा. आता लांब करा.”

तिसऱ्या खेपेला जमलं. मग मी वही घेऊन शेजारी बसलो आणि पणजोबांचं नाव उर्दूत कसं लिहायचं, ते विचारलं. मला सात खेपा लागल्या.